अप-डाऊनच्या पलीकडचे इंग्रजी

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील गाव. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक, हळव्या आणि गरव्या कांद्याची बाजारपेठ आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम, या तीन गोष्टींमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे. अशा गावातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला अथवा साताऱ्याला रोज ये-जा करणाऱ्या माणसाला विचारले, तर तो सहज सांगतो, 'मी अप-डाऊन करतो.' हे दोन इंग्रजी शब्द त्याने कोणत्याही वर्गात शिकलेले नसतात. रेल्वेने ते आणले आणि मराठीने ते 'करणे' या क्रियापदाला जोडून आपलेसे केले.

गंमत अशी की, या 'अप'चा वर जाण्याशी संबंध नाही. मध्य रेल्वेवर मुंबईच्या दिशेने जाणारी गाडी ती 'अप'. पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरते, तरीही ती 'अप'च असते आणि मुंबईहून निघून घाट चढणारी गाडी मात्र 'डाऊन'. शब्दाचा मूळ अर्थ एक आणि व्यवहारातला अर्थ भलताच, हा अनुभव रेल्वेपुरता मर्यादित नाही. रोजच्या इंग्रजी संभाषणाचा बराचसा भाग याच नियमाने चालतो. 'अप', 'डाऊन', 'ऑफ', 'ऑन', 'आउट', 'ओव्हर' असे चिमुकले शब्द साध्या क्रियापदांना लागतात आणि त्यांचा अर्थ पार बदलून टाकतात. शाळेच्या व्याकरणात त्यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. मराठीत त्यांना सोयीसाठी जोडक्रियापदे म्हणता येईल.

सोपे शब्द, अवघड अर्थ

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजीत चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण अनेकदा अवघड शब्दांपाशी नसते. 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट', 'टॉलरेट', 'कॅन्सल' हे शब्द तो वाचतो आणि लिहितोही. परंतु दूरध्वनीवरून मुलाखतीबाबत बोलणारी व्यक्ती 'वुई हॅड टू कॉल इट ऑफ' असे म्हणाली, तर 'कॉल' हा शब्द ऐकून तो फोनची वाट पाहत बसण्याचा संभव असतो. वास्तविक मुलाखत रद्द झालेली असते. 'वुई विल लेट यू नो इफ समथिंग टर्न्स अप' या वाक्यातला प्रत्येक शब्द त्याला ठाऊक असतो. तरीही 'टर्न' म्हणजे वळणे आणि 'अप' म्हणजे वर, या बेरजेतून 'काही जागा निघाली तर कळवू' हा अर्थ त्याच्या हाती लागत नाही.

येथे अर्थ शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे या प्रकाराचे पहिले वैशिष्ट्य. एकाच जोडीला अनेक अर्थ असतात, हे दुसरे. 'टेक ऑफ' म्हणजे बूट काढणे, विमानाने उड्डाण करणे, एखाद्या धंद्याने अचानक जोर धरणे आणि कामावरून रजा घेणेही. डी. गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ मध्ये ब्रिटिश इंग्रजीच्या मोठ्या शब्दसंग्रहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर जोडक्रियापदांचे कोशातील अर्थ त्यांनी मोजले, तेव्हा ते ५५९ भरले. म्हणजे एका जोडीला सरासरी पाचाहून अधिक अर्थ.

ही अडचण केवळ मराठी माणसाची नाही, आणि नवीही नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या रचनेची आवर्जून दखल घेतली होती. क्रियापदापुढे लहानसा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही पद्धत परकीयांना सर्वाधिक त्रास देते, असे त्यांचे निरीक्षण होते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकातून ते रूढ केले आणि त्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

भाव चढतो, प्राइस गोज अप

मराठी माणसाला ही क्रियापदे परकी का वाटतात, याचे उत्तर लोणंदच्या कांदा बाजारातल्या बोलण्यातही सापडते. आवक वाढली की भाव उतरतो, आवक घटली की चढतो. मागणी नसेल तर भाव पडतो, व्यापारी संगनमताने तो पाडतात, आणि फारच वाईट वेळ आली तर बाजार बसतो. या सर्व वाक्यांत दिशा दाखवणारा वेगळा शब्द नाही. चढणे, उतरणे, पडणे, उठणे, बसणे, निघणे, शिरणे या मराठी क्रियापदांच्या पोटातच दिशा दडलेली आहे. इंग्रजीत मात्र भाव 'गो अप' होतो, 'कम डाऊन' होतो. माणूस 'गेट अप' करतो, 'सिट डाऊन' करतो, 'गो आउट' करतो, 'गो इन' करतो. क्रियापद केवळ हालचाल सांगते, दिशा सांगण्याचे काम बाहेरच्या लहान शब्दाकडे सोपवलेले असते.

लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातील भाषांची याच निकषावर विभागणी केली. काही भाषा दिशा क्रियापदातच साठवतात, स्पॅनिश आणि फ्रेंच ही त्यांची ठळक उदाहरणे. इंग्रजी आणि जर्मनसारख्या भाषा ती क्रियापदाबाहेर उपग्रहासारखी ठेवतात. मराठी या बाबतीत स्पॅनिश-फ्रेंचच्या बाजूला अधिक झुकते. 'वर चढ', 'खाली उतर' असे आपणही म्हणतो, परंतु त्यातला 'वर' किंवा 'खाली' काढून टाकला तरी अर्थ शाबूत राहतो. इंग्रजीत 'गो अप'मधला 'अप' काढला, तर भाव कुठे गेला हेच कळत नाही.

म्हणूनच मराठी भाषक इंग्रजी बोलताना तो लहान शब्द विसरतो किंवा टाळतो. त्याच्या मनात अर्थ क्रियापदापाशीच पूर्ण झालेला असतो. त्यामुळे 'गो अप'ऐवजी 'इन्क्रीज', 'गो इन'ऐवजी 'एन्टर', 'गो डाऊन'ऐवजी 'डिसेन्ड' असे एकसंध शब्द त्याला जवळचे वाटतात. असे टाळणे इतरत्रही आढळते. १९८५ साली डगट आणि लॉफर यांनी हिब्रूभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा हे विद्यार्थीही जोडक्रियापदांऐवजी एकशब्दी पर्यायच निवडताना दिसले. हिब्रूत अशी रचना नाही, हे त्याचे कारण त्यांनी दिले. पुढे १९८९ मध्ये डच विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास अधिक बोलका ठरला. डच भाषेत अशी क्रियापदे आहेत, तरीही जी इंग्रजी क्रियापदे आपल्या भाषेशी फारच जुळती वाटली, ती वापरताना हे विद्यार्थी बिचकले. परक्या भाषेत आपल्यासारखेच काही असेल, यावर शिकणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही.

खाऊन टाकणे आणि 'ईट अप'

मराठीलाही ही कला पूर्णपणे अपरिचित नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत फरक आहे. दुसऱ्यात ताट रिकामे होण्याची अपेक्षा आहे. इंग्रजीत नेमका हाच फरक 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. तसेच 'युज' म्हणजे वापरणे, तर 'युज अप' म्हणजे वापरून टाकणे, संपवणे. 'टेअर' म्हणजे फाडणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाकणे. 'राइट डाऊन' म्हणजे लिहून घेणे किंवा लिहून ठेवणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. 'बर्न' म्हणजे जळणे आणि 'बर्न डाऊन' म्हणजे जळून जाणे.

काम एकच, परंतु ते करणारा शब्द वेगळा. क्रिया पूर्ण झाली, तडीस गेली, स्वतःसाठी झाली की दुसऱ्यासाठी, हे सांगण्यासाठी मराठी दुसरे क्रियापद जोडते: टाकणे, जाणे, घेणे, देणे, ठेवणे, बसणे. मराठी व्याकरणकार यांचा विचार संयुक्त क्रियापदे या नावाखाली करतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथापासून त्यांच्या स्वरूपाची चर्चा चालत आलेली आहे. इंग्रजी त्याच कामासाठी 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाऊन' वापरते. 'खाऊन टाक'मध्ये प्रत्यक्षात काहीही टाकायचे नसते, तसेच 'ईट अप'मध्ये काहीही वर जात नाही.

याहून जवळचे नाते दाखवणारा तिसरा प्रकारही मराठीत आहे. 'पुढे ढकलणे', 'मागे घेणे', 'हाती घेणे', 'मागे पडणे', 'पार पाडणे', 'आड येणे', 'पुढे येणे' या रचना पाहाव्यात. परीक्षा पुढे ढकलली, याचा अर्थ कोणी तिला धक्का मारला असा होत नाही. इंग्रजीत हेच 'पुट ऑफ'. संप मागे घेतला, म्हणजे 'कॉल ऑफ'. जबाबदारी पार पाडली, म्हणजे 'कॅरी आउट'. काम हाती घेतले, म्हणजे 'टेक अप' किंवा 'टेक ऑन'. या खऱ्या अर्थाने मराठीतील जोडक्रियापदेच म्हणावी लागतील. फरक इतकाच, की मराठीत लहान शब्द आधी येतो आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि अर्थाची किल्ली मागाहून हाती पडते. ऐकणाऱ्याला म्हणूनच शेवटच्या शब्दापर्यंत थांबावे लागते.

मराठी शिकणाऱ्या परकीयाची अवस्थाही फार वेगळी नसते. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, ठेच लागते आणि घाटात कोणाला गाडीही लागते. एका 'लागणे'ने इतकी कामे केलेली मराठी माणसाला कधी खुपत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्यालाही 'टेक ऑफ'चे चार अर्थ तितकेच स्वाभाविक वाटतात.

उपसर्गांचा जुना प्रवास

या नात्याचे मूळ आणखी मागे जाते. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द झाले. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, हे संस्कृत वैयाकरणांचे निरीक्षण संस्कृत शिकणाऱ्यांना परिचित आहे. पुढच्या काळातील संस्कृतात उपसर्ग धातूला आधी आणि घट्ट चिकटलेले असतात. वैदिक भाषेत मात्र ते मोकळे होते. ते क्रियापदाच्या नंतर येऊ शकत आणि मध्ये इतर शब्द घालून दूरही राहू शकत. पाणिनीने अष्टाध्यायीत वेदांतील या सवलतीची स्वतंत्र सूत्रांनी नोंद केली आहे.

संस्कृत आणि इंग्रजी या एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या. संस्कृतात जे उपसर्ग पुढे धातूला जखडले गेले, तसेच लहान शब्द इंग्रजीने क्रियापदामागे मोकळे ठेवले. जुन्या इंग्रजीतही उपसर्ग क्रियापदाच्या आधी लागत. 'ओव्हरकम', 'विथस्टँड' यांसारख्या शब्दांत ती पद्धत अजून टिकून आहे. पुढील शतकांत ते शब्द हळूहळू क्रियापदामागे गेले. उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेचा त्यावर प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

घरची बोली आणि दरबारी भाषा

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व उच्चवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. विद्वानांचा व्यवहार लॅटिनमध्ये होताच. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन थर तयार झाले. विझवणे या अर्थी घरात 'पुट आउट' आणि कागदावर 'एक्स्टिंग्विश'. सहन करणे या अर्थी घरात 'पुट अप विथ' आणि कागदावर 'टॉलरेट'. तपास करणे या अर्थी 'लुक इन्टू' आणि 'इन्व्हेस्टिगेट'.

मराठीत हे दोन थर सर्वांच्या परिचयाचे आहेत. घरात परीक्षा 'पुढे ढकलली' जाते, परिपत्रकात ती 'स्थगित करण्यात येते'. घरात आपण 'खपवून घेतो', व्यासपीठावरून 'सहिष्णुता बाळगतो'. केवळ परिपत्रके वाचून मराठी शिकलेला माणूस मंडईत जसा बोलेल, तसेच केवळ पाठ्यपुस्तकातून आलेले आपले इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटते. ते शुद्ध असते, पण अवघडलेले.

याचे कारण आपल्या इंग्रजी शिक्षणाच्या परंपरेत आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी तर्खडकरी भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवले. मराठी वाक्य घ्यावे, नियमाने त्याचे इंग्रजी करावे, ही पद्धत व्याकरणाचा पाया पक्का करणारी होती. मात्र कान तयार करण्याची सोय तिच्यात नव्हती. २००० सालापासून राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्यापूर्वी ते पाचवीपासून शिकवले जाई. वर्षे वाढली, तरी परीक्षेचा भर लेखनावर राहिल्याने बोलीतला हा थर बऱ्याच विद्यार्थ्यांच्या वाट्याला उशिराच येतो. १९९९ च्या लाँगमन व्याकरणाने प्रत्यक्ष वापराच्या आधारे दाखवून दिले, की जोडक्रियापदे संभाषणात आणि कथा-कादंबऱ्यांत भरपूर आढळतात, विद्वत्तापूर्ण लेखनात मात्र फारच कमी. पाठ्यपुस्तकी इंग्रजीवर पोसलेल्या विद्यार्थ्याची नेमकी येथेच गाठ सुटत नाही.

एका वाक्यामागची दुर्घटना

बोलीचा थर कोठे वापरावा आणि कोठे नाही, हा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो, याचा दाखला विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आविआंका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघाले होते. खराब हवामानामुळे ते आकाशात बराच वेळ घिरट्या घालत राहिले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर सहवैमानिकाने नियंत्रकाला इंधन संपत आल्याचे सांगितले. त्यासाठी त्याने वापरलेले क्रियापद होते 'रन आउट'.

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते. परंतु 'वुई आर रनिंग आउट ऑफ फ्युएल' ही बोलीतली माहिती आहे, औपचारिक घोषणा नव्हे. इंधन संपत चालले आहे, एवढेच ती सांगते. किती निकड आहे, हे सांगत नाही. 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द वैमानिकांकडून उच्चारला गेला नाही आणि त्यांची गाडी इतरांच्या पुढे काढण्याची तातडी नियंत्रकांना जाणवली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले. विमानातील १५८ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. दुर्घटनेला अनेक कारणे होती. वैमानिकांनी इंधनाची आणीबाणी जाहीर न करणे, हे त्यांतले प्रमुख कारण चौकशीत नोंदले गेले.

स्पॅनिश मातृभाषा असलेल्या त्या वैमानिकाला 'रन आउट' येत होते. त्या क्षणी ते पुरेसे नाही, याचे भान हवे होते. जोडक्रियापद केवळ ठाऊक असून भागत नाही, त्याची जागाही ठाऊक असावी लागते. मित्राशी बोलताना 'पोस्टपोन' म्हटल्याने फारसे बिघडत नाही. कायद्याच्या मसुद्यात, वैद्यकीय सूचनेत किंवा संकटाच्या हाकेत मात्र नेमका आणि ठरलेला शब्दच वापरणे हिताचे असते.

मराठीत मुरलेली जोडक्रियापदे

जोडक्रियापदांची सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही, ही मराठी भाषकाची जमेची बाजू. त्याच्या तोंडी ती कितीतरी आहेत, फक्त नामाच्या वेशात. कांद्याच्या गोण्या वाहणारा 'पिकअप', अकरावी प्रवेशाचा 'कटऑफ', मोबाइलचा 'बॅकअप', गाडीचा 'ब्रेकडाऊन', कंपनीतील 'लेऑफ', निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याचा 'सेंडऑफ', विधानसभेतील 'वॉकआउट', व्यापाऱ्याचा 'टर्नओव्हर' आणि कार्यालयातील 'फॉलोअप'. २०२० च्या मार्च महिन्यानंतर तर 'लॉकडाऊन' हा शब्द घरातल्या लहानथोरांच्या तोंडी बसला.

या प्रत्येक नामामागे एक क्रियापद उभे आहे. 'पिक अप' म्हणजे उचलणे, आणि कोणाला वाहनातून घेणेही. 'कट ऑफ' म्हणजे तोडणे, संबंध किंवा पुरवठा बंद करणे. 'ब्रेक डाऊन' म्हणजे बंद पडणे, आणि माणसाच्या बाबतीत भावनावेगाने कोसळणे. 'ले ऑफ' म्हणजे कामावरून कमी करणे. उच्चारातला फरक तेवढा लक्षात ठेवावा लागतो. नाम असताना जोर पहिल्या शब्दावर पडतो, 'पिकअप'. क्रियापद असताना तो सहसा मागच्या लहान शब्दावर जातो, 'पिक अप'. पुष्कळदा हा जोर चुकल्यानेच आपले बरोबर वाक्यही समोरच्याला पटकन उमगत नाही.

मात्र काही जोडक्रियापदांनी भारतात वेगळे वळण घेतले आहे, तेथे सावध राहावे लागते. 'मी २०१५ चा पासआउट' असे आपल्याकडचा पदवीधर अभिमानाने सांगतो. ब्रिटनमध्ये हा प्रयोग लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्यासाठी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील 'पासिंग आउट परेड' हे त्याचेच रूप. परंतु सर्वसाधारण ब्रिटिश किंवा अमेरिकी संभाषणात 'आय पास्ड आउट' म्हणजे मी बेशुद्ध पडलो! 'कोप अप विथ' हाही आपल्याकडचाच प्रयोग. तेथे 'अप' नको, नुसते 'कोप विथ' पुरते. सरकारी कार्यालयांत फाइल साहेबांपुढे 'पुट अप' होते. बाहेरच्या जगात भिंत, तंबू किंवा फलक 'पुट अप' होतो आणि पाहुण्यालाही रात्रीपुरते 'पुट अप' करतात.

मध्ये काय बसते?

रचनेचा एक नियम न टाळता शिकावा असा आहे. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर. परंतु 'लाइट'च्या जागी 'इट' आले, की ते मध्येच बसते: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' असे होत नाही. याउलट 'लुक आफ्टर', म्हणजे काळजी घेणे, हे तुटत नाही. तेथे 'लुक आफ्टर इट' असेच म्हणावे लागते.

वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रचना या कसोटीवर वेगळ्या ओळखता येतात. 'टर्न डाऊन द रोड' म्हणजे त्या रस्त्याला वळणे. 'टर्न डाऊन द ऑफर' म्हणजे देऊ केलेला भाव किंवा प्रस्ताव नाकारणे. प्रस्तावाच्या बाबतीत 'टर्न इट डाऊन' म्हणता येते, रस्त्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. पहिल्या वाक्यात 'डाऊन' रस्त्याशी बांधलेला आहे, दुसऱ्यात क्रियापदाशी.

तीन शब्दांच्या जोड्यांत आणखी एक खाच असते. अर्जाच्या किंवा पत्राच्या शेवटी लिहिले जाणारे 'लुकिंग फॉरवर्ड टू' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यापुढे 'मीट यू' नव्हे, 'मीटिंग यू' हवे.

यादी नको, कुळे हवीत

बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत जोडक्रियापदांच्या लांबलचक याद्या असतात. त्या पाठ होतात आणि विसरल्याही जातात. गार्डनर आणि डेव्हिस यांच्या अभ्यासाने येथे मोठा दिलासा दिला आहे. केवळ वीस क्रियापदे आणि आठ लहान शब्द यांच्या जोड्यांनी त्या संग्रहातील निम्म्याहून अधिक वापर व्यापला होता. 'गो', 'कम', 'टेक', 'गेट', 'सेट' अशी ही क्रियापदे प्राथमिक शाळेतच भेटलेली असतात.

म्हणून क्रियापदाऐवजी लहान शब्द धरून कुळे लावणे अधिक उपयोगी पडते. 'आउट'चे एक कुळ संपण्याचे: 'रन आउट', 'सेल आउट', 'डाय आउट'. त्याचेच दुसरे कुळ उघडकीस येण्याचे: 'फाइंड आउट', 'टर्न आउट', 'पॉइंट आउट'. 'ऑन' बहुधा पुढे चालू राहणे दाखवतो: 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'होल्ड ऑन'. 'ऑफ' सुटणे किंवा तुटणे सुचवतो: 'कट ऑफ', 'टेक ऑफ', 'कॉल ऑफ'. 'डाऊन' कमी होण्याकडे आणि स्थिरावण्याकडे झुकतो: 'स्लो डाऊन', 'काम डाऊन', 'सेटल डाऊन'. 'ओव्हर' एकाकडून दुसऱ्याकडे जाणे दाखवतो: 'हँड ओव्हर', 'टेक ओव्हर'. सर्वच जोड्या कुळात बसत नाहीत, पण पुष्कळ बसतात.

या कुळांमागे माणसाचा सामाईक अनुभवही असतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० च्या 'मेटाफर्स वुई लिव्ह बाय' या पुस्तकात दाखवले, की 'अधिक म्हणजे वर, कमी म्हणजे खाली' हे रूपक रोजच्या भाषेत खोलवर रुजलेले असते. ढीग वाढला की उंच होतो, हे पोत्यांची थप्पी लावणाऱ्या हमालाला सांगावे लागत नाही. भाव 'चढतो' म्हणणारा लोणंदचा शेतकरी आणि 'गोज अप' म्हणणारा लंडनचा दलाल एकच चित्र पाहत असतात. एकाने ते क्रियापदात ठेवले, दुसऱ्याने क्रियापदाबाहेर.

कुळ ओळखले, की प्रत्येक जोडी संपूर्ण वाक्यासह वहीत उतरवावी, तिच्यासमोर कोशातला प्रतिष्ठित शब्द न लिहिता घरातला मराठी प्रयोग लिहावा. 'ईट अप'समोर 'खाऊन टाकणे', 'पुट ऑफ'समोर 'पुढे ढकलणे', 'कॅरी आउट'समोर 'पार पाडणे'. दिवसाला दोन जोड्या झाल्या, तरी वर्षात सातशेचा पल्ला ओलांडता येतो. तर्खडकरांची भाषांतराची पद्धत येथेही उपयोगी ठरते. भाषांतर कागदावरच्या मराठीचे न करता बोलीतल्या मराठीचे केले, म्हणजे झाले.

मराठी माणूस रेल्वेच्या 'अप' आणि 'डाऊन'चा मूळ अर्थ विचारत बसला नाही. रोजच्या प्रवासात ते शब्द कानावर पडत गेले, जिभेवर रुळले आणि 'अप-डाऊन करणे' हे चक्क मराठी क्रियापद होऊन गेले. इंग्रजीची उरलेली जोडक्रियापदेही त्याच वाटेने येतात. त्यांचा मुक्काम वहीपेक्षा कानात अधिक काळ टिकतो. फोनवरच्या 'कॉल इट ऑफ'चा अर्थ ज्याला वेळेवर कळला, तो फोनची वाट पाहत न बसता दुसऱ्या नोकरीच्या शोधाला लागतो.